मेमरी कार्डावरचे आकडे

सिंदेवाहीचं जंगल ब्रह्मपुरी वनविभागात येतं. इथे वाघ-बिबट्यांच्या हालचाली टिपायला वनखातं झाडांना कॅमेरा ट्रॅप बांधतं. त्या ट्रॅपमध्ये मेमरी कार्ड असतं, तसंच लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यातही. पण दोघांची गरज वेगळी.

कार्डावर ठळक छापलेला शंभर-दीडशेचा आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो. व्हिडिओसाठी मात्र लिहिण्याचा किमान वेग पाहायचा, आणि तो बारीक खुणांत असतो. इंग्रजी 'सी'मधला 10 म्हणजे सेकंदाला किमान 10 मेगाबाइट. 'यू'मधला 1 म्हणजेही 10 आणि 3 म्हणजे 30. 'व्ही'पुढे 30, 60 किंवा 90 असेल, तर तेवढे मेगाबाइट. 'ए 1' आणि 'ए 2' या खुणा मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वेग मेगाबिटमध्ये देतात. त्याला आठाने भागा. 100 मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तिथे 10 ची हमी अपुरी, 'व्ही 30' भरपूर.

ट्रॅप कॅमेरा थांबून थांबून फोटो काढतो, म्हणून त्याला सहसा 10 चा वर्ग पुरतो. मात्र काही कॅमेरे 32 जीबीपेक्षा मोठं कार्ड घेत नाहीत.

तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचा, आणि मोठ्या आकड्याला भुलून जास्तीचे पैसे मोजू नका.