मंजुळेची बोली आणि आपलं गॅदरिंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावून सांगितलं आहे की, शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू नाटकावर बोल. नाटकाची माझी हौस वर्गाला जुनीच माहीत आहे. तेव्हा आज मी एका अभिनेत्रीबद्दल बोलणार आहे. त्या नागपूरच्या नव्हेत, आपल्या शाळेच्या तर नव्हेतच. पण त्यांचं काम आठवलं की मला आपल्या शाळेबद्दल एक गोष्ट म्हणावीशी वाटते. ती मी शेवटी म्हणणार आहे. या अभिनेत्री म्हणजे भक्ती बर्वे.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९८३ च्या 'जाने भी दो यारो'मध्ये. 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाची ती चलाख संपादिका शोभा. आधी सत्याच्या बाजूची वाटते आणि मग हळूच आपलाही भाव ठरवू लागते. हिंदी प्रेक्षक त्यांना त्या एका भूमिकेवरून ओळखतो. मराठी प्रेक्षकाची भक्ती बर्वे त्याहून फार मोठी आहे.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. रंगभूमीवर त्या आल्या त्या बालनाट्यातून. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' ही संस्था काढली आणि मुलांचं नाटक हे मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गांभीर्यानं, नेपथ्य-प्रकाशासह करायचं असतं हे दाखवून दिलं. त्या शाळेत भक्तीताई घडल्या. शाळा म्हणजे पाटी-पेन्सिलीची नव्हे, तालमीची. आपल्या नागपुरातही हा विचार करणारा माणूस होता, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. 'कट्यार काळजात घुसली'चे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर याच गावचे. 'रंजन कला मंदिर'मधून त्यांनी इथल्या कितीतरी पोरांना रंगमंचावर उभं केलं आणि मुलांसाठी नाटकंही लिहिली.

पुढे भक्तीताई मुंबई दूरदर्शनवर बातम्या देऊ लागल्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे दूरचित्रवाणी अगदी नवी होती. बातमी वाचणाऱ्यानं स्वतःला मागे ठेवायचं असतं. चेहरा शांत, शब्द स्वच्छ, 'न' आणि 'ण' आपापल्या जागी. वाचणाऱ्याचं गाव कोणतं, घर कसलं, यातलं काहीही ऐकू येता कामा नये. प्रमाण मराठीचा नमुना म्हणून लोक ज्या आवाजाकडे बघत, त्यांतला एक आवाज त्यांचा होता.

आणि त्याच बाई १९७५ साली 'ती फुलराणी'त मंजुळा म्हणून उभ्या राहिल्या. रस्त्यावर फुलं विकणारी, कचकचून भांडणारी, जिची भाषा ऐकून शिष्टांनी कानांवर हात ठेवावेत अशी मुलगी.

नाटक आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं. प्राध्यापक जहागीरदार पैज लावतो की या मुलीला बोलायला शिकवून मी तिला बड्या लोकांत वावरायला लावीन. हा प्राध्यापक सतीश दुभाषींनी केला होता. नटीच्या दृष्टीनं या भूमिकेची गंमत कुठे आहे, ते जरा सांगतो. मंजुळेला एक नाही, तीन भाषा बोलाव्या लागतात. पहिली तिची जन्माची. ती खोटी वाटली तर नाटक तिथेच पडतं. दुसरी अर्धवट शिकलेली, म्हणजे शब्द बरोबर पण सूर भलताच. सगळा हशा तिथे. तिसरी पूर्ण शिकलेली. आणि ही तिसरी आली की प्रेक्षकाला हसू येत नाही, थोडं वाईट वाटतं. कारण आता ही मुलगी फुलांच्या टोपलीकडे परत जाऊ शकत नाही आणि बंगल्यातही तिला कोणी आपली म्हणत नाही. ज्यानं शिकवलं त्याला तर हा प्रश्न सुचलेलाच नसतो.

भक्तीताईंना या तिन्ही भाषा साधल्या. मला वाटतं, रोज बातम्यांसाठी शुद्ध बोलणाऱ्या बाईला शुद्ध बोलण्याची किंमत नेमकी माहीत होती. मंजुळेचं ते प्रसिद्ध स्वगत आजही मोबाइलवर सापडतं. घरी गेल्यावर जरूर बघा. मास्तरवर डूख धरून ती त्याला धडा शिकवायची स्वप्नं रंगवते. आपण हसतो, पण तो राग खरा आहे. माझ्या बोलण्याला तू हसलास, म्हणजे माझ्या आईबापाला, माझ्या वस्तीला हसलास, असा तो राग आहे.

हे स्वगत एकपात्री स्पर्धांमधून किती मुलींनी केलं असेल त्याची मोजदाद नाही. आपल्या शाळेतही झालं आहे. आणि प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा एकाहून एक अभिनेत्रींनी पुढे मंजुळा केली. तरी तुलना करताना लोक नाव घेतात ते पहिलीचं.

पण एका भूमिकेत त्या अडकल्या नाहीत. विजया मेहतांनी बसवलेल्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये त्यांनी काम केलं. ब्रेख्तचं नाटक, खानोलकरांचं मराठी रूप. दूरदर्शनवर त्या बहिणाबाई चौधरी झाल्या. मंजुळेनंतर हे मला विशेष वाटतं. असोद्याची ही शेतकरीण, अक्षरओळख नसलेली. आणि तिच्या खानदेशी बोलीतल्या कविता १९५२ साली छापून आल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र थक्क झाला. मंजुळेला बोली सोडून मान मिळाला, बहिणाबाईंना बोलीसकट मिळाला. दोघींना एकाच अभिनेत्रीनं चेहरा दिला.

अशोक पाटोळ्यांच्या 'आई रिटायर होते'मध्ये त्यांनी ती आई केली, जी एक दिवस घराला सांगते की आता मीही निवृत्त होणार. आपल्या बॅचचे पुरुष सध्या एकामागून एक निवृत्त होत आहेत, त्यांनी हे नाटक सहकुटुंब बघावं असं मी सुचवीन. (इकडे मैत्रिणींच्या टाळ्या आल्या, त्याची नोंद घ्यावी.) अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी'त अतुल कुलकर्णींच्या गांधींसमोर त्या कस्तुरबा होत्या, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये पिळून निघणारी आई. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये पती, अभिनेते शफी इनामदार गेले. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या. जून २००० मध्ये पु. ल. गेले, आणि पुढच्याच वर्षी १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात भक्तीताईही गेल्या. वय अवघं ५२. आज या सभागृहात बसलेले आपण सगळे त्यांच्याहून मोठे आहोत.

आता शेवटी म्हणायचं ते म्हणतो.

आपल्या वर्गात दोन मराठी होत्या. एक फळ्यावरची, एक मधल्या सुट्टीतली. मधल्या सुट्टीत "काहून बे, काय करून राहिला?" असं विचारणारा पोरगा बाई वर्गात आल्या की "तू काय करतो आहेस?" म्हणायचा. ज्यांना हा बदल जमला ते गॅदरिंगच्या नाटकात राजा झाले, प्रधान झाले. ज्यांना जमला नाही ते पडदा ओढायला, नाहीतर मागे झाड म्हणून उभे. आठवीत मला मिळालेली भूमिका तिसऱ्या तालमीला काढून घेतली होती, कारण माझ्या तोंडून "मला"चं "मले" व्हायचं. मी पडदा ओढला. पडदा चांगला ओढला असं सगळे म्हणाले. बाई, हसू नका. राग नाही, तेव्हाची रीतच तशी होती, साऱ्या गावात तीच होती. पण आमच्या वर्गातली एक मुलगी, जी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या हुबेहूब नकला करायची, ती दहा वर्षांत एकदाही रंगमंचावर आली नाही, याची मला आजही चुटपुट लागते. तिच्यात मंजुळा होती. तिला कुणी विचारलंच नाही.

गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन आलो. आता गॅदरिंगला नाटक होत नाही. सिनेमाची गाणी लावून नाच होतात, पोरं ओठ हलवतात. स्वतःच्या आवाजात कुणी एक वाक्य बोलत नाही. धंतोलीच्या आपल्या पिढीला सीताबर्डीवरचं धनवटे रंग मंदिर चालत जाण्याइतकं जवळ होतं. ते गेलं. त्यामुळे आजच्या मुलांना नाटक भेटायचं असेल तर ते शाळेतच भेटेल. आणि वर्गात बसलेली मुलं आता वऱ्हाडी, झाडीपट्टीची, छत्तीसगडी, हिंदी अशा कितीतरी बोली घरून घेऊन येतात. त्यांना प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, ती भाकरीची भाषा आहे. पण ती शिकताना घरची लाज वाटायला लागू नये. वर्षातून एक नाटक, ज्यात दोन्ही भाषांना काम आहे, हे वर्गातल्या शंभर उपदेशांपेक्षा जास्त करील.

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला नवी कमान बांधावी असा ठराव आहे, हे मला माहीत आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण कमानीखालून मुलं फक्त ये-जा करतील. त्याच पैशाच्या व्याजातून दरवर्षी एका तालीम मास्तरांचं मानधन, थोडी प्रकाशयोजना, कपडेपट आणि एका हॉलचं भाडं निघू शकतं. अट एकच: नाटकात भूमिका मिळण्यासाठी उच्चाराची परीक्षा नसावी. उच्चार तालमीत सुधारतो, त्यासाठीच तालीम असते.

दुसरा ठराव मी लिहून आणला आहे, दोनच ओळींचा. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पटेल त्यांनी जेवायला जाण्याआधी सही करावी, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी जेवताना माझ्याशी भांडावं. कोणत्याही भाषेत भांडा, चालते.