काढा आणि गोळी



व्याख्यानाला उभे राहण्यापूर्वी आम्ही ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरली असेल असा आपला तर्क असेल, तर तो आज चुकला. काही वर्षांपूर्वी तो अचूक ठरला असता. गवयांनी आणि वक्त्यांनी ज्येष्ठमध सोडला तर पुण्याच्या मंडईजवळचे काष्ठौषधीवाले काय खातील, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.

पन्नाशी उलटल्यावर आम्हांला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दाब उतरेना. गोळी वाढली, तरी उतरेना. ‘आणखी काही घेता का?’ असे डॉक्टर दर खेपेस विचारीत आणि आम्ही ‘नाही’ म्हणत असू. हे खोटे बोलणे नव्हते हो! सकाळचा ज्येष्ठमधाचा काढा आणि दिवसभराची कांडी ही औषधे आहेत, हे आमच्या गावीच नव्हते. एकदा त्यांच्यासमोरच आम्हांला ढास लागली आणि आम्ही खिशातून कांडी काढली. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. ‘हे केव्हापासून?’

मग त्यांनी उलगडून सांगितले. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला अडवते. त्यामुळे अंगात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम निघून जाते आणि दाब चढतो. एकीकडून गोळी खाली ओढीत होती, दुसरीकडून आमची कांडी वर ढकलीत होती. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचा ठोकाही चुकतो, हे ऐकल्यावर मात्र आमची थट्टा जिरली.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी गुळवेल, अश्वगंधा, अर्जुनसाल यांच्या पुड्या साखरेच्या गोळीशेजारी नांदत असतील? २०२० च्या करोनाकाळात तर घरोघर काढे उकळले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे काही रुग्ण यकृताला सूज आलेले आढळले. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती वेल खरी गुळवेल होती हे पारखलेले नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असू शकेल. वाद तज्ज्ञांचा आहे. पण आमच्यासारख्या गिऱ्हाइकाला दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारतात : बाबा रे, तुझ्या पुडीत काय होते? आणि तो आपल्याला ठाऊक नसतो, कारण पुडी शेजारणीने दिलेली असते.

झाडपाला म्हणून नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांचेही आम्हांला नवल वाटते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडले. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसरपीन वेगळे निघाले आणि ते जगभर वापरले गेले. जिच्यात दाब उतरवण्याचे बळ, तीही मुळीच. जिच्यात चढवण्याचे, तीही मुळीच! नाक मुरडले की रोगी गप्प बसतो. आम्ही वैद्यांकडेही जातो, आणि आमच्या गोळ्या त्यांच्यापासूनही लपवून ठेवीत होतो, हेही सांगून टाकतो.

हल्ली आम्ही दोघांकडेही कापडी पिशवी घेऊन जातो. तीत गोळ्या, चूर्णे, आसवांच्या बाटल्या, सगळे असते. पहिल्या वेळी ती टेबलावर उपडी केली तेव्हा अकरा जिनसा निघाल्या. कांडी सुटल्यावर दोनएक महिन्यांत दाब ताळ्यावर आला. आवाज मात्र पूर्वीसारखा राहिला नाही; मागच्या रांगांना ऐकू आले नसेल, तर त्यांनी पुढे यावे. प्रश्नोत्तरांना अजून अवकाश आहे.