नाही म्हणणाऱ्या माणसाचा पगार



आकाशवाणीनं मला विषय दिला तो असा: छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणारी नवी कंपनी काढायची, तर कर्जाचे अर्ज तपासणारी अनुभवी माणसं कुठून आणायची आणि त्यांना पगार कसा द्यायचा. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं कंपनी काढायचीय? खरं आहे. पण तुमच्यातल्या अनेकांनी दुकानासाठी, गाडीसाठी, मशिनीसाठी कधी ना कधी अर्ज केलेला असेल आणि तो कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेला असेल. त्या टेबलामागच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याच्या कार्डावर क्रेडिट मॅनेजर असतं, अंडररायटर असतं. शाखेत त्याला नुसतं 'क्रेडिटवाला' म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

कायद्याचं आधी उरकून घेतो. व्याजानं पैसे देण्याचा धंदा मनात आलं म्हणून सुरू करता येत नाही. खासगी सावकाराला महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. कंपनी काढून कर्जं द्यायची, तर रिझर्व्ह बँकेकडे बिगर बँक वित्तीय कंपनी म्हणून नोंदणी लागते. ऑक्टोबर 2022 पासून अशा सर्वसाधारण नव्या कंपनीला स्वतःचा निधी किमान 10 कोटी रुपये दाखवावा लागतो. एवढं पुरे, बाकीचं तुमचा सीए सांगेल.

आता हे 10 कोटी उभे करणारी मंडळी आधी काय करतात? काचेचं ऑफिस घेतात. मोबाईलचं ॲप करून घेतात. मग विक्रीची माणसं भरतात, दलाल नेमतात आणि फाईली येऊन पडायला लागल्या की म्हणतात, अरे, हे तपासायला कुणीतरी हवं. मग घाईघाईनं एक क्रेडिटवाला शोधला जातो, तोही स्वस्तातला. आधी कळस मग पाया, दुसरं काय?

साधा हिशेब सांगतो, कागदावर मांडून बघा. समजा, तुमची कंपनी स्वतः व्याजानं पैसे आणते आणि पुढं जास्त व्याजानं देते. सगळा खर्च जाऊन वर्षाला शंभर रुपयांमागे 3 रुपये उरतात, असं धरा. म्हणजे 5 लाखांच्या कर्जावर वर्षाला उरले 15 हजार. आता असं एक 5 लाखांचं कर्ज पूर्ण बुडालं, तर ते भरून निघायला तसलीच 33 चांगली कर्जं वर्षभर राबली पाहिजेत. तेहेतीस! पुन्हा सांगतो, एका बुडीत कर्जाची भरपाई करायला 33 चांगली कर्जं. मग ज्या माणसामुळं असं एखादं कर्ज थांबतं, त्याचा पगार महाग की स्वस्त, ते तुम्हीच ठरवा.

आता अनुभवी कुणाला म्हणायचं? बायोडेटावर 15 वर्षं लिहिलेली असतात. ती कुठं गेली ते विचारा. मोठ्या बँकेत, पगारदारांच्या गृहकर्जांत गेली असतील, तर तो माणूस हुशार असूनही तुमच्या उपयोगाचा नसेल. तिथं फॉर्म 16 असतो, घराचे कागद असतात, 300 ते 900 मधला सिबिलचा स्कोअर असतो. आपल्या गिऱ्हाईकाकडं काय असतं? जीएसटीची विवरणं असली तर असतात. चालू खातं असतं, पण निम्मा धंदा रोखीत. सिबिलच्या अहवालात पतसंस्थेचं कर्ज बहुधा दिसत नाही, भिशी तर दिसतच नाही आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने कुठल्या अहवालात येणार? ते माणसाला भेटूनच कळतं.

या भेटीला आमच्याकडं पीडी म्हणतात. गिऱ्हाईकाच्या जागेवर जाऊन, समोर बसून बोलायचं. या पीडीवर मला तासभर बोलता येईल. तेवढा वेळ नाही, पण एक उदाहरण घेतो, इचलकरंजीचं.

समजा, एका यंत्रमागवाल्यानं 6 लाख मागितलेत. शेडमध्ये 12 माग आहेत. नवखा पोरगा जातो, बघतो: भिंतीला सुताची बीमं रचलेली, कोपऱ्यात विणलेल्या कापडाचे तागे. खूश होतो आणि फाईलमध्ये लिहितो, माल 15 लाखांचा. अनुभवी माणूस तिथंच पहिला प्रश्न विचारतो: बीमं कुणाची? कारण इचलकरंजीत मोठ्या संख्येनं यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, हा फक्त विणून देतो आणि मजुरी घेतो. म्हणजे त्या शेडमधल्या 15 लाखांतला एक रुपयाही त्याचा नाही. मजुरीचा दर पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर ठरतो, पैशांत. त्यात एखादा पैसा इकडंतिकडं झाला तरी घराचा सगळा हिशेब हलतो.

मग दुसरा प्रश्न: व्यापारी किती? एकच असेल, तर कर्ज नावाला या माणसाला आहे, खरा भरवसा त्या व्यापाऱ्यावर आहे. त्यानं बीमं देणं थांबवलं की माग थांबले. तिसरा प्रश्न: विजेची बिलं दाखवा, गेल्या 12 महिन्यांची. रक्कम बघायची नाही, युनिट बघायची. दोन पाळ्या चालतात असं तोंडानं सांगता येतं, मीटरला सांगता येत नाही. आणि मग आत जाऊन नीट बघायचं. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही एवढा खडखडाट असतो, पण 12 पैकी किती माग वाजताहेत आणि किती नुसतेच उभे आहेत, ते डोळ्याला दिसतं. उभ्या मागावर धूळ बसलेली असते. ती आजची की दोन महिन्यांची, हेही दिसतं.

आणि बाहेर चहाला आल्यावर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी बोलायचं, दिवाणजीशी बोलायचं. मालक काय सांगतो ते तर ऐकायचंच, पण कामगारांची मजुरी ठरल्या दिवशी मिळते का, हे दिवाणजी बोलता बोलता सांगून जातो. हाताशी पैसा कमी पडला की मालक आधी मजुरी पुढं ढकलतो. बँकेचा हप्ता चुकायला अजून दोन-तीन महिने असतात. अनुभव म्हणतात तो हा. हे ॲपमध्ये बसवता येत असेल तर जरूर बसवा, मी आड येणार नाही. सप्टेंबर 2021 पासून अकाउंट ॲग्रिगेटरची सोय झाली आहे, गिऱ्हाईकाच्या संमतीनं बँकेचं स्टेटमेंट थेट मिळतं, खाडाखोड केलेल्या कागदांची कटकट गेली. फार चांगलं झालं. पण बीमं कुणाची, ते स्टेटमेंट सांगत नाही.

माझा एक हट्ट आहे, तो इथंच सांगून टाकतो. क्रेडिटवाल्याला स्वतःच्या शब्दांत एक पान लिहिता आलं पाहिजे. हल्ली मी फाईली बघतो तर प्रत्येकीत तेच वाक्य: 'ग्राहक सचोटीचा वाटतो, व्यवसाय समाधानकारक आहे.' किराणावाला असो, फॅब्रिकेशनवाला असो, सचोटीचाच! जुनी नोंद उचलून नव्या फाईलमध्ये चिकटवायची. अरे बाबांनो, त्या माणसाबद्दल एक तरी गोष्ट अशी लिहा की जी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता आली नसती. हे मी वर्गात पोरांना सांगत आलो, आज तुम्हाला सांगतो.

तर मुलाखतीत काय करायचं? उमेदवाराला सहा जुन्या फाईली द्या, नावं झाकून. त्यातल्या दोन बुडालेल्या असू द्यात. कर्ज द्यावं की नाही हे विचारू नका. तिथं जाऊन तुम्ही कुठले प्रश्न विचाराल, ते विचारा. प्रश्नांवरून माणूस कळतो. दुसरं, त्याच्या जुन्या कंपनीत चौकशी करायचीच असेल तर तिथल्या वसुलीवाल्याला विचारा. एचआरवाले वागणूक चांगली म्हणून सांगतील. वसुलीवाल्याला माहीत असतं, कुणाच्या सहीच्या फाईलीमागं उन्हात किती हिंडावं लागलं. तिसरं, जो म्हणतो, मी माझे दलालही बरोबर आणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि आपल्या तालुक्यातल्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेला एखादा कर्ज अधिकारी गाठा. त्याला सगळी पेठ तोंडपाठ असते. आठवड्यातले दोन-तीन दिवस बोलवा, दिवसावर मानधन द्या. फाईलीवर पैसे देऊ नका. फाईलीवर दिलेत तर तो फाईली मोजायला लागेल.

आता पगार. बऱ्याच ठिकाणी क्रेडिटवाल्याचा बोनस महिन्याला किती कर्ज वाटलं त्यावर ठरतो. म्हणजे जितके 'हो', तितके पैसे. क्रिकेटच्या पंचाला प्रत्येक चौकारामागं बक्षीस दिलंत, तर काय होईल? क्रेडिटवाल्याला असा पगार द्या, की 'नाही' म्हटल्यानं त्याच्या खिशाला चाट बसणार नाही. माझं आजचं सगळं बोलणं विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2022 मध्ये बिगर बँक कंपन्यांच्या वरिष्ठांच्या मोबदल्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यांत म्हटलंय की जोखीम सांभाळणाऱ्या वरिष्ठांचा मोबदला त्यांची नजर ज्या धंद्यावर असते त्या धंद्याच्या आकड्यांपासून वेगळा असावा आणि त्यात ठरलेल्या पगाराचा वाटा मोठा असावा. द्यायचा मोबदला रोखण्याची, दिलेला परत घेण्याची सोयही त्यात आहे. सर्वात खालच्या थरातल्या लहान कंपन्यांना ती बंधनकारक नाहीत. पण शहाणपण घ्यायला कुणाची बंदी आहे?

समजा, वर्षाला 12 लाख द्यायचे ठरलं. त्यातले 9 लाख सरळ महिन्याच्या महिन्याला द्या. 1 लाख कामाच्या दर्जावर: पीडी वेळेत झाली का, नोंद नीट आहे का, अर्जदाराला उत्तर किती दिवसांत मिळालं. उरलेले 2 लाख लगेच देऊ नका. त्यानं मंजूर केलेली कर्जं वर्षभर मुरू द्यात, मग एकूण कशी फिटताहेत ते बघून द्या. वर्षभर का? तर पहिले काही हप्ते बरेचदा कर्जाच्याच पैशातून भरले जातात! चार महिन्यांत सगळं छान दिसतं. खरं काय ते नंतर कळतं. मात्र पहिलाच हप्ता बाउन्स झाला, तर ती फाईल त्याच दिवशी उघडा. एकतर कुणीतरी फसवलंय, नाहीतर जागेवर कुणी गेलंच नव्हतं.

पण याची दुसरी बाजू आहे. एकेका बुडालेल्या कर्जासाठी त्याचा पगार कापलात, तर तो सगळ्यांनाच 'नाही' म्हणायला लागेल. ते सगळ्यात सोपं! एकही कर्ज बुडणार नाही आणि कंपनीही चालणार नाही. म्हणून एकेक फाईल धरू नका, त्याच्या सगळ्या कर्जांचा मिळून हिशेब बघा. आणि नाकारलेल्या अर्जांतले काही दरमहा दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं तर तेही नुकसानच आहे. फक्त ते वहीत दिसत नाही.

जुनी नोकरी सोडून येणाऱ्याचा तिकडचा बोनस बुडतो, त्याची भरपाई दोन टप्प्यांत करा. शेअर देणार असाल, तर आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणं देऊ केल्यापासून निदान वर्षभर ते त्याच्या हातात पडत नाहीत, हे त्याला आधीच नीट समजावून सांगा. कंपनी बंद पडली तर त्या कागदाची किंमत शून्य आहे, हेही सांगा. शेअरच्या आशेवर पगार अर्धा करू नका. त्याच्या घरचा हप्ता शेअरनं भरता येत नाही.

समोरून खूण झाली, तीनच मिनिटं उरली आहेत. अजून बरंच राहिलंय, भराभर सांगतो. क्रेडिटवाल्याचा साहेब विक्रीचा प्रमुख असता कामा नये. दोघंही थेट मालकाला किंवा संचालक मंडळाला जबाबदार हवेत. मंजुरीची मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढवा, आधी 3 लाख, मग 5, मग 10. मालकाला क्रेडिटवाल्याचा 'नाही' फिरवायचा असेल तर खुशाल फिरवावा, पण लेखी, कारण लिहून आणि स्वतःची सही करून. तोंडी निरोप चालणार नाही. एका अनुभवी माणसाच्या हाताखाली दोन नवी पोरं द्या. त्यांच्यात मुली असू द्यात. बचत गटाच्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या, त्यांच्या घरात जाऊन मुली जे विचारू शकतात ते पुरुषाला विचारता येत नाही.

आणि कर्जदार म्हणून ऐकणाऱ्यांना एक बोल लावतो, रागावू नका. क्रेडिटवाला दारात आला की तुम्ही त्याच्यापासून भिशी लपवता, पतसंस्थेचं कर्ज लपवता. तो शत्रू नाही हो! झेपणार नाही एवढा हप्ता मागं लागला, तर 90 दिवस थकल्यावर तुमचंच खातं थकीत कर्जात जातं आणि पुढची कितीतरी वर्षं अडचण तुमचीच होते. खरं सांगा, थोडं कमी कर्ज मिळेल, पण ते फिटेल. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं अशा कंपन्यांनी कर्जदाराला समजेल त्या भाषेत पत्रव्यवहार केला पाहिजे, हे विसरू नका. मंजुरीचं पत्र मराठीत मागून घ्या, व्याज आणि दंड वाचा, मगच सही करा. कोऱ्या फॉर्मवर तर सही करूच नका, समोरचा कितीही घाईत असला तरी. जामीनदारांबद्दल बोलायचं राहूनच गेलं, पण खूण पुन्हा झाली.