बेंबीची गाठ आणि पुढचे मूल



दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी सभा संपल्यावर एका बाईंनी मला घरात बोलावले. चार बाळंतपणे झालेली. बेंबीवर लिंबाएवढी गाठ. खोकलले की वर येई, आडवे झाले की आत जाई. “बेंबी सरकली बाई,” असे म्हणून दोन वर्षे पोट चोळून घेणे चालले होते.

बेंबी सरकलेली नव्हती. तो हर्निया होता, म्हणजे अंतर्गळ. लागोपाठच्या बाळंतपणांनी पोटाची भिंत ताणते, बेंबीपाशी विरते आणि तिथल्या भोकातून चरबी, कधी आतडे, बाहेर डोकावते. जुना खोकला, वाढलेले वजन, कापसाचे जड गाठोडे यांनी भर पडते. तान्ह्या मुलाचे असे भोक बहुधा आपोआप बुजते. त्यावर पैसा बांधू नका. मोठ्या माणसाचे मात्र बुजत नाही. चोळून नाही, पट्ट्याने नाही, औषधाने नाही.

मग ऑपरेशन कोणते? कापसाच्या बोऱ्याला भोक पडले तर आपण काय करतो? लहान असेल तर कडा ओढून शिवतो. मोठे असेल तर ओढून शिवलेले पुन्हा उसवते, म्हणून थिगळ लावतो. सर्जनही तेच करतात. अमेरिकेतले डॉ. विल्यम मेयो यांनी 1901 साली बंडीच्या कडेसारखी एक कड दुसरीवर चढवून शिवण्याची रीत मांडली. ती पुष्कळ वर्षे चालली. पण ताण राहतो तो राहतोच. आता प्लास्टिकच्या धाग्याची बारीक जाळी थिगळासारखी बसवतात. युरोपात 300 रोग्यांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या, त्याचा निकाल 2018 साली छापून आला. भोके एक ते चार सेंटिमीटरची होती. नुसत्या टाक्यांनंतर शंभरातल्या 12 जणांना गाठ परत आली, जाळीनंतर 4 जणांना. एक सेंटिमीटरहून लहान भोकाला टाके पुरू शकतात. तिसरी रीत दुर्बिणीची: छेद लहान, जखम चिघळण्याचे भय कमी, पण पूर्ण भूल लागते आणि खर्च अधिक. भोक मोठे किंवा अंग स्थूल असेल तर तिचा उपयोग. एरवी दुर्बिणीच्या नावाला भुलू नये, असे माझे मत.

आता नवरा-बायकोने मिळून ऐकायची गोष्ट. गाठ शिवल्यावर पुन्हा दिवस गेले तर पोट पुन्हा ताणते आणि गाठ परत येण्याचा संभव वाढतो. म्हणून आणखी मूल हवे का, हे आधी ठरवा. हवे असेल आणि गाठ त्रास देत नसेल, तर सर्जन पुष्कळदा थांबायला सांगतात. तोवर तांबी किंवा निरोध वापरून दोन बाळंतपणांत अंतर ठेवा.

मूल नको असेल तर? बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत बाईची नसबंदी बेंबीखाली छेद घेऊन करतात. दुर्बीणही बेंबीजवळूनच घालतात. गाठ आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. कधी दोन्ही कामे एकदम होतात, पण ते सर्जनने ठरवायचे. अशा घरात बिनटाक्याची पुरुष नसबंदी सोपी पडते. पोट उघडावे लागत नाही, नवरा त्याच दिवशी घरी येतो. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे.

त्या बाईंचे मालक हे ऐकून आधी गप्प बसले. मग म्हणाले, “चार बाळंतपणं तिनं काढली, आता माह्या नंबर.” पुढे गाठीला जाळी बसली.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, लाल-काळी पडली, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजा. दाबू नका, सकाळची वाट पाहू नका. अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार, जे जवळ असेल तिकडे त्याच रात्री निघा. वाटेत रोग्याला खायला-प्यायला देऊ नका.