‘हार्टफेल’ या शब्दाची भीती

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आरोग्य’ हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटले की आरोग्याविषयी बोलण्याचा अधिकार निरोगी माणसाचा. मी फार तर आजाराविषयी बोलेन. मी कला शाखेचा पदवीधर, आयुष्य बातम्या लिहिण्यात गेले. वैद्यकशास्त्रातले जे काही सांगेन ते रुग्ण म्हणून शिकलेले आहे. त्यावरून कोणी औषध सुरू करू नये, बंद तर मुळीच करू नये.

माझे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. संध्याकाळी शाखेवरून आले, पाय धुतले आणि ओटीवर कोसळले. ‘हार्टफेल झाले’ असे साऱ्या आळीने म्हटले आणि विषय संपला. आपल्याकडे हा शब्द मृत्यूचाच पर्याय म्हणून वापरला जातो. त्यापुढे कोणी काही विचारत नाही. पुण्यवान माणूस, कोणाला त्रास दिला नाही, असे म्हणून सांत्वन होते. त्या हृदयाला झाले काय होते, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. मीही नाही. जगभराच्या घटनांच्या मुळाशी जाण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने आपल्या घरातल्या एवढ्या मोठ्या घटनेचे मूळ शोधले नाही, याची आज लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वी रेल्वेच्या पुलाचे जिने चढताना मला धाप लागू लागली. वय झाले, पोट सुटले, असे म्हणून मी ते सोडून दिले. एप्रिलमधल्या एका लग्नात भरपेट जेवून उन्हात उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ईसीजी काढला, तो वेडावाकडा निघाला. पूर्वी कधीतरी झटका येऊन गेला असावा, असे निदान झाले. अँजिओग्राफीत मात्र सर्व रक्तवाहिन्या मोकळ्या! पुढे कोणी तरी टू-डी एको नीट पाहिली, तेव्हा उलगडा झाला. हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा १९ मिलिमीटर जाड होता. निरोगी माणसात तो साधारण ११-१२ मिलिमीटरच्या आत असतो.

या विकाराचे नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. उच्च रक्तदाबानेही हृदयाची भिंत जाड होते, आणि तो प्रकार कितीतरी अधिक आढळतो. रक्तदाब नीट आवरला तर ती जाडी कमीही होऊ शकते. माझी जाडी मात्र जन्मजात सूचनेनुसार वाढलेली, बहुतेकदा वडिलोपार्जित असते तशी. लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टिअर यांनी अचानक मरण पावलेल्या तरुणांच्या हृदयांची तपासणी करून १९५८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे पाचशेंत एकाला हा विकार असतो असे मानतात. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लिऑन येथे कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो चालू सामन्यात कोसळला आणि गेला. त्याला हाच विकार होता, हे मृत्यूनंतर कळले.

माझ्या अहवालात हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता ६८ टक्के लिहिली होती. शाळेतले गुण समजून मी खूश झालो, पहिला वर्ग! डॉक्टर हसले. त्यांनी लोहाराच्या भात्याचे उदाहरण दिले. भात्याचे चामडे जाड आणि ताठर झाले, तर दाबताना तो जोरात दाबला जाईल. पण उघडताना पुरता उघडणार नाही, आत हवाच कमी येईल. माझे हृदय आकुंचन उत्तम पावते, सैल होण्यात कमी पडते. पुरेसे रक्त आत मावत नाही, मागे फुफ्फुसांत दाब वाढतो, आणि धाप लागते. शिवाय माझ्या बाबतीत जाड पडदा रक्ताच्या वाटेतच येतो.

आणि याच संभाषणात त्यांनी ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द उच्चारले. त्यापुढचे मला काही ऐकू आले नाही. घरी येऊन पत्नीला सांगितले, ‘बाबांसारखेच.’ त्यानंतरचे तीन-चार महिने रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजण्यात गेले. दिवसा लेख लिहायचा, रात्री ठोके मोजायचे. पत्नी जागी असते हे मला ठाऊक होते, मी जागा आहे हे तिला ठाऊक होते, आणि दोघेही झोपेचे सोंग घेत होतो.

ती कोंडी एका प्रश्नाने फुटली. पुढच्या भेटीत पत्नीने थेट विचारले, ‘डॉक्टर, फेल म्हणजे बंद पडणार का?’ त्यांचे उत्तर असे की, वैद्यकाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके काम हृदयाला नीट न जमणे, एवढाच तो आहे. ही स्थिती हळूहळू येते, पायांवर सूज, उताणे झोपल्यावर धाप, दोन-तीन दिवसांत एकदम वाढलेले वजन अशा खुणा दाखवत येते, आणि तिच्यावर उपचार आहेत. या विकाराच्या बहुतेक रुग्णांचे आयुष्य इतरांइतकेच असते. थोड्यांचे हृदय पुढे खरोखर थकते. काहींना अनियमित ठोक्यांचा विकार जडतो आणि पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते. वडिलांना झाले असावे तसे अचानक घडण्याचा धोकाही काहींनाच असतो. घराण्याचा इतिहास, भिंतीची जाडी, बेशुद्ध पडण्याचे प्रसंग पाहून तो अजमावता येतो, आणि धोका अधिक असेल तर छातीत यंत्र बसवतात. प्राणघातक ठोके सुरू झाले की ते झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते. माझ्या घराण्याचा इतिहास ऐकल्यावर मला ते बसवले. सदऱ्याखाली थोडा उंचवटा दिसतो, एवढेच.

भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण तिला आता नाव आणि वेळापत्रक आहे. सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो, ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी घेतो, एवढ्यापुरती ती येते. रक्ताच्या वाटेतला अडसर कमी करण्यासाठी जाड पडद्याचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या दशकात रूढ केली; २०२२ मध्ये तेथे मावाकॅम्टेन या खास औषधालाही मान्यता मिळाली. मला अद्याप गोळ्यांवर भागते आहे.

दोन गोष्टी मात्र माता-भगिनींनी विशेष ऐकाव्यात. या विकारात, विशेषतः वाट अडलेली असेल तर, शरीरातले पाणी कमी होणे घातक. मी निर्जळी उपवास सोडले. घरातल्या ज्येष्ठांना ते रुचले नव्हते. देवाला पाणी प्यायलेला भक्त चालतो, असे मी त्यांना सांगितले. (पायांवर सूज असलेल्याला उलट पाणी बेताने घ्यावे लागते, ते डॉक्टरांनी ठरवायचे.) दुसरी गोष्ट सॉर्बिट्रेटची. छातीत दुखले की जिभेखाली ही गोळी ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी झाले आहे. माझ्यासारख्याला तीच गोळी धोक्याची. रक्तदाब उतरतो, अडसर वाढतो. म्हणून खिशात एक कार्ड ठेवतो, त्यावर आजाराचे नाव आणि ‘सॉर्बिट्रेट देऊ नये’ असे ठळक लिहिले आहे. लोकलमध्ये कोसळलोच, तर मदतीला धावणारा भला माणूस आधी तीच गोळी काढील.

आता आपल्या कार्यकर्त्यांविषयी. शरीराकडे दुर्लक्ष करणे म्हणजे समर्पण, असा आपला एक समज आहे. धाप लागते हे सांगायला आपण लाजतो. श्रीगुरुजींचे उदाहरण देतात, की कर्करोग असतानाही ते देशभर हिंडत राहिले. हिंडले हे खरेच. पण १९७० मध्ये मुंबईत त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, हा भाग आपण सोयीने विसरतो. व्यायाम सोडा असेही मी म्हणत नाही. पूर्वी या रुग्णांना सरसकट बंदी असे. आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने मध्यम व्यायाम करू देतात. मी रोज चालतो. कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि गुण मोजतो.

सर्वांत अवघड भाग शेवटी ठेवला. हा विकार बहुधा जनुकातून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने २००९ मध्ये दाखवून दिले, की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातला एक बदल, म्हणजे पंचवीस अक्षरांची गळती, सुमारे चार टक्के भारतीयांत आहे आणि तिच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. ती असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. पण देशाच्या अनेक प्रांतांत, अनेक समाजांत ती सापडली. भाषा आणि जात विचारून ती येत नाही.

डॉक्टरांनी सांगितले, भावंडांची आणि मुलांची एको करून घ्या. मुलीची केली. सुदैवाने अजून निर्दोष आहे. दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागेल. तिचे लग्न ठरत होते. ‘आत्ताच बोलू नका’ असे जवळच्यांनी सुचवले, आणि खरे सांगतो, मीही दोन दिवस गप्प बसलो. मग मुलगीच म्हणाली, ‘बाबा, आजोबांचे कोणी सांगितले नाही म्हणून तुम्ही इतकी वर्षे अंधारात होतात ना?’ आम्ही जाऊन सांगितले. त्या घराने आठ दिवस मागितले आणि होकार दिला. नकारही येऊ शकला असता. तो आला असता तर मी येथे इतक्या मोकळेपणाने उभा असतो की नाही, सांगता येत नाही.

धाकटा भाऊ मात्र पाच वर्षे टाळत होता. त्याच्याही मुली लग्नाच्या. ‘मला काही होत नाही,’ हे त्याचे ठरलेले उत्तर. गेल्या महिन्यात तो आपण होऊन आला आणि एको करून घेतली. जाडी १३ मिलिमीटर. दुसऱ्या कोणाची असती तर रक्तदाब पाहून डॉक्टरांनी सोडून दिली असती. माझ्या भावाची म्हणून ती संशयास्पद ठरली आहे. पुढच्या तपासण्या चालू आहेत. परवा त्याच्या दोन्ही मुलींची तारीख घेतली. बरोबर मी जाणार आहे.