उलटीची गोळी आणि आतड्याची दारं



केमोथेरपीच्या रुग्णाला उलटी होऊ नये म्हणून ऑनडॅनसेट्रॉन देतात. उलटी थांबते, पण मग घरचे विचारतात, "डॉक्टर, पोट साफ होत नाही, काय करायचं?" उलटीच्या गोळीचा शौचाशी संबंध काय?

१८९९ साली लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांच्या जोडीने कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या आणि आतड्याला चिमटा काढला. चिमट्याच्या वरचा भाग आवळला, खालचा सैल पडला. मेंदूशी नातं तुटूनही अन्न पुढे ढकलायची रीत आतड्याला ठाऊक होती, कारण त्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचं जाळं आहे.

या जाळ्याला चेतवणारं एक रसायन म्हणजे सेरोटोनिन, आणि आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. मनाच्या औषधांमुळे ते नाव मेंदूलाच चिकटलंय, पण साठा पोटात! आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ते बाळगून असतात. अन्नाने अस्तर दाबलं गेलं की त्या पेशींवरचं पिएझो-२ हे चॅनेल उघडतं. मग सेरोटोनिन बाहेर पडतं आणि शेजारच्या मज्जातंतूंवरच्या ५-एचटी-३ रिसेप्टरला जाऊन लागतं. हा रिसेप्टर स्वतःच एक दार आहे. पाच प्रथिनं गोलाकार उभी, मधोमध बोळ. सेरोटोनिन लागताच बोळ उघडतो, सोडियमचे आयन आत शिरतात, तंतू चेततो. यातले काही तंतू आतड्याच्या हालचालीला जोर देतात, तर काही मेंदूकडे मळमळीची खबर नेतात.

ऑनडॅनसेट्रॉन हे दार उघडू देत नाही. खबर अडते, आणि त्याबरोबर आतड्याची चालही मंदावते.

हीच मंद चाल काहींच्या कामाची. सतत जुलाब होणाऱ्या, आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या) रुग्णांसाठी त्याच कुळातलं अलोसेट्रॉन २००० साली अमेरिकेत आलं. औषध लागू पडत होतं, पण काहींना बद्धकोष्ठ इतकं जडलं की इस्पितळ गाठावं लागलं, काहींच्या मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला. त्याच वर्षी कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं. गंमत म्हणजे ते परत आणा, असा आग्रह रुग्णांनीच धरला. २००२ मध्ये ते परतलं, पण कडक अटींवर आणि फक्त अशा स्त्रियांसाठी, ज्यांचा त्रास तीव्र आहे आणि ज्यांना इतर उपायांनी गुण आलेला नाही.