मांजराला श्रीखंड गोड लागत नाही, आणि क्रोसिन पचत नाही

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, किंवा मांडीवर मांजर झोपलंय म्हणून हलता येत नाही अशा अवस्थेत ऐकत असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

मांजरांबद्दलच्या 'दहा भन्नाट गोष्टी' तुम्ही रील्सवर शंभर वेळा बघितल्या असतील. कान किती फिरतात, दिवसातून किती तास झोपतात वगैरे. ते आज नको. आज एकच धागा धरतो: मांजराच्या शरीरात काय *नाही*. कारण पाळीव प्राण्यांवरच्या मागच्या एपिसोडनंतर जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "दादा, मांजराचं अंग गरम लागतंय, क्रोसिनची पाव गोळी देऊ का?"

उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. पाव नाही, चिमूटभर नाही, लहान मुलांचं सिरपसुद्धा नाही. आता का, ते बघू. त्यासाठी आधी श्रीखंडाकडे जावं लागेल.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असं होतं की एखादं फंक्शन वर्षानुवर्षं कोणी वापरतच नाही. मग कधीतरी त्यात चूक शिरते, फंक्शन मोडतं, पण कोणाला पत्ता लागत नाही. कारण ते वापरणारं कोणी नाही, तर तक्रार कोण करणार? जनुकांचंही तसंच असतं. एखाद्या जनुकावर जगणं-मरणं अवलंबून असेल, तर ते मोडलेले प्राणी टिकत नाहीत. अवलंबून नसेल, तर मोडकं जनुक पिढ्यानपिढ्या आरामात पुढे जातं.

गोड चव ओळखायला जिभेवर एक रिसेप्टर लागतो. तो दोन भागांचा असतो, आणि दोन्ही भागांची दोन वेगळी जनुकं आहेत. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी दाखवलं की मांजरात यातलं एक जनुक मोडकं आहे. त्यातली २४७ अक्षरं सलग गायब आहेत. त्यामुळे पुढची सगळी वाक्यरचना विस्कटते आणि रिसेप्टरचा अर्धा भाग तयारच होत नाही. दोनशे सत्तेचाळीस अक्षरं! आपल्या एका व्हॉट्सॲप मेसेजएवढी. तेवढ्यावर गोड हा प्रकारच संपला.

त्यांनी वाघ आणि चित्ताही तपासले. त्यांच्यातही तेच. म्हणजे ही अक्षरं तुमच्या सोफ्यावर गळलेली नाहीत, मांजर-कुळाच्या खूप जुन्या पूर्वजात गळली. फक्त मांस खाणाऱ्याला पिकलेलं फळ ओळखून करायचंय काय? आणि हे मांजरापुरतंच नाही. त्याच संस्थेने २०१२ मध्ये मांसाहारी गटातल्या १२ जाती तपासल्या, तर सीलायन, ठिपक्यांचा तरस असे धरून ७ जातींमध्ये हे जनुक बिघडलेलं निघालं, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाने आपापल्या परीने गोड सोडलं.

"पण आमची मनी श्रीखंड चाटते!" चाटत असेल. तिला त्यातला स्निग्धपणा आवडतो, दह्याचा वास आवडतो. साखर तिच्यासाठी पांढरी वाळू आहे.

(जाता जाता: गळलेली अक्षरं नेहमी काही बिघडवतातच असं नाही. नारिंगी मांजराचा नारिंगी रंग हासुद्धा गळतीतूनच आलाय. एक्स गुणसूत्रावरची साधारण ५ हजार अक्षरं गायब झाली की शेजारचं एक जनुक नको त्या पेशीत चालू होतं आणि केस नारिंगी होतात. जपान आणि अमेरिकेतल्या दोन टीम्सनी स्वतंत्रपणे शोधून हे २०२५ मध्ये छापलं. एक्सवर आहे म्हणूनच काळी-पांढरी-नारिंगी तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादी असते. कोणी तिरंगी बोका दाखवला तर फोटो काढून ठेवा, फार दुर्मिळ.)

आता क्रोसिनकडे. क्रोसिन, डोलो, नाव काहीही असो, आत पॅरासिटामॉल. आपण गोळी घेतली की आपलं यकृत तिच्या रेणूला साखरेसारखा एक तुकडा चिकटवतं. ट्रॅव्हल्सवाला बॅगेला स्टिकर लावतो ना, तसं. स्टिकर लागलेला माल लघवीतून बाहेर. हे स्टिकर लावणारं जे मुख्य यंत्र आहे, त्याचंही जनुक मांजरात मोडकं आहे. इथेही कहाणी तीच. अशी यंत्रं मुख्यतः वनस्पतींमधली विषारी रसायनं निकामी करायला उपयोगी पडतात. पालाच खायचा नाही, तर पाल्यातल्या विषाचा बंदोबस्त कशाला?

मग मांजराच्या पोटात गोळी गेली की काय होतं? दुसरा एक मार्ग असतो, पण तो छोटा, पटकन तुंबतो. उरलेल्या औषधाचं विषारी रूप तयार होतं आणि ते तांबड्या पेशींवर तुटून पडतं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या निळसर-तपकिरी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. हे काही तासांत. चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, आणि त्रास तर त्याहून कितीतरी कमी मात्रेतही होतो. म्हणून पाव गोळीचा हिशेब करूच नका.

आणि यातला सगळ्यात वाईट भाग सांगू? बऱ्याचदा ताप नसतोच. निरोगी मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला १०१ म्हणजे ऑफिसला सुट्टी. मांजराला १०१ म्हणजे नेहमीची सोमवार सकाळ. आपल्या हाताला ते गरम लागणारच. प्रेमाने हात फिरवणारा माणूस, प्रेमानेच गोळी कुटून दुधात घालतो, आणि तिथेच घात होतो.

हेच मोडकं यंत्र आणखी एका ठिकाणी आडवं येतं: लादी पुसायचं फिनाईल. त्या जातीची रसायनंही मांजराला नीट बाहेर टाकता येत नाहीत. ते ओल्या लादीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं. लादी साध्या पाण्याने पुसा, किंवा निदान पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येतात. कांदा-लसणाची केमिस्ट्री वेगळी, पण मार पुन्हा तांबड्या पेशींवरच. त्यामुळे रश्शातला तुकडा धुऊन द्या वगैरे जुगाड नको. चिकन द्यायचं तर साधं उकडून, मीठ-मसाला न घालता.

आता जरा नाजूक विषय. दूध-पोळी.

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. बंड्या, म्हणजे आमचा बोका, आला तेव्हा आई म्हणाली, "गावाकडे आपल्या मांजरांनी जन्मभर दूध-भाकरीच खाल्ली, काही झालं नाही कोणाला." आई खोटं बोलत नव्हती. दूध-भाकरी आपण घालायचो. पण रात्री गोठ्यात आणि धान्याच्या कणगीमागे त्या मांजरांचं खरं जेवण व्हायचं. उंदीर म्हणजे मांजरासाठी पूर्ण थाळी आहे, आणि त्या थाळीत टॉरिन नावाचा पदार्थ असतो. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर वाचलं असेल नाव. आपलं शरीर टॉरिन स्वतः बनवतं. मांजर अगदी थोडं बनवतं आणि पित्तातून सतत घालवत राहतं. गळकी टाकी. रोज वरून भरावी लागते. वनस्पतींमध्ये ते जवळपास नसतंच, आणि दुधातलं पुरत नाही.

नाही मिळालं तर? १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की टॉरिन नसलेल्या आहारावर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मोठी गोष्ट पकडली. हृदय फुगून निकामी होण्याचा एक आजार मांजरांमध्ये खूप दिसायचा, आणि तो टॉरिनच्या कमतरतेतून येत होता. गंमत म्हणजे ती मांजरं विकतचं कॅटफूडच खात होती! त्यात टॉरिन होतं, पण पुरेसं नव्हतं. टॉरिन वाढवून दिल्यावर हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. डोळ्याचं झालेलं नुकसान मात्र परत येत नाही.

गाजर घालून 'अ' जीवनसत्त्व मिळेल असंही नाही, कारण गाजरातल्या रंगद्रव्यापासून ते तयार करणं मांजराला जमत नाही. ते तयार स्वरूपातच लागतं, आणि तसं ते प्राण्यांच्या शरीरातच मिळतं. दुधाबद्दल म्हणाल तर मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पुढचं आपल्याला निस्तरावं लागतं.

नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. तिथे दूध-पोळी म्हणजे साइड डिश नाही, तेच सगळं जेवण. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, राग आला तरी चालेल: घरात मांसाहार नको हा तुमचा हक्क आहे, पण तो नियम मांजराला लावायचा असेल तर मांजर पाळू नका. आमच्याकडे आईनेच मार्ग काढला. बंड्याची वाटी ड्राय बाल्कनीत, पाकीट तिथल्याच डब्यात, चमचा वेगळा. कुत्र्याचं खाणं घालून भागवू नका, त्यात मांजराच्या गरजेचा हिशेब धरलेला नसतो.

फक्त खाणं बदलताना एकदम बदलू नका. "भूक लागली की झक मारत खाईल" हे मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते जाडजूड असेल, तर चरबी यकृतात साठून यकृत बिघडू शकतं. जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठवडाभर घ्या. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

हे सगळं ऐकून मांजर म्हणजे अर्धवट बनवलेलं मॉडेल आहे असं वाटलं असेल, तर थांबा. क जीवनसत्त्व मांजर स्वतः बनवतं. आपल्याला जमत नाही. ते बनवणारं जनुक आपल्याकडे मोडकं आहे, बहुधा आपले पूर्वज फळं खाऊन निवांत होते म्हणून. जुन्या काळी महिनोनमहिने ताज्या फळा-भाज्यांशिवाय समुद्रावर राहिलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, माणसं दगावायची. त्याच जहाजावरचं मांजर उंदीर मारत ठणठणीत फिरत असेल. लिंबू आपल्याला लागतं, त्याला नाही.

शेवटी, ज्यांनी "आता दिली गोळी, काय करू" असं विचारलंय त्यांच्यासाठी. लक्षणांची वाट बघू नका. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने आणखी नुकसान होतं. विषावर उतारा आहे, पण तो दवाखान्यातच मिळतो आणि जितका लवकर तितका चांगला लागू पडतो. मांजर बास्केटमध्ये घाला, किती वाजता आणि किती दिली ते लिहून घ्या, गोळ्यांची स्ट्रिप खिशात टाका आणि निघा. आपल्या जवळचा रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आज, हा एपिसोड संपल्यावर, शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

बाकीचे प्रश्न पुढच्या भागात घेतो. बंड्या लॅपटॉपवर येऊन बसलाय.